बडोद्याहून मराठी प्रकाशकांना: वर्गासाठी एक ओळ छापा

प्रति,
मराठी पुस्तकांचे प्रकाशक, लेखक, अनुवादक आणि लेखकांचे हक्क सांभाळणारे त्यांचे वारस

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात मराठी शिकवते. तुमच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सुरुवातीच्या पानावर एक मजकूर असतो. सर्व हक्क राखीव. प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तकातला कोणताही भाग छायाप्रत, ध्वनिमुद्रण किंवा अन्य कोणत्याही मार्गाने वापरता येणार नाही. तो मजकूर काढा असं मी म्हणत नाही. त्याच्याखाली शिक्षकांसाठी आणखी एक ओळ छापा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ती ओळ काय असावी ते शेवटी लिहिलं आहे. ती का हवी, हे आधी सांगते.

गुजरातमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांसाठी गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळ मराठीत पुस्तकं छापतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरं मराठी पुस्तक नसतं. मुलं दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत राहतात. घरी आजी मराठी बोलते, आई निम्मं मराठी निम्मं गुजराती, आणि बाहेर पाऊल टाकलं की सगळ्या पाट्या गुजराती. कित्येक मुलं मराठी लिहिताना शिरोरेषा द्यायला विसरतात, कारण हाताला गुजराती लिपीचं वळण आधी लागलेलं असतं. अशा मुलाला पाठ्यपुस्तकातली एक कविता आवडली आणि त्याने विचारलं, "यांची अजून आहे का?" तर त्या क्षणी शिक्षकाच्या हातात दुसरी कविता असायला हवी. महिन्याभराने नव्हे. मुलाची उत्सुकता तेवढा काळ थांबत नाही.

म्हणून मराठीचे शिक्षक पुण्या-मुंबईहून पुस्तकं मागवतात, बरेचदा पदरच्या पैशाने. येते ती एक प्रत. वर्गात मुलं तीस. त्यातली एक कविता किंवा दोन पानांचा उतारा झेरॉक्स करून वाटायचा, बाकावर बाकावर मुलांना मोठ्याने वाचायला लावायचं, अडलेले शब्द समासात लिहून घ्यायचे. आमच्या कामात यापेक्षा मोलाचं काही नाही, असं मी पूर्ण विचारानं म्हणते.

नेमकं हेच आता करू दिलं जात नाही. माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेने कथेची पाच पानं झेरॉक्सला दिली, तर शाळेच्या कार्यालयाने पुस्तक परत केलं. तुमचा तो मजकूर तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, उद्या नोटीस आली तर जबाबदार कोण? दुसऱ्या एका ठिकाणी संस्थेने सरसकट सूचनाच काढली की पाठ्यपुस्तकाबाहेरचं काहीही छापून वाटू नये. घाबरणाऱ्यांना मी दोष देत नाही. इंटरनेटवर कॉपीराइट शोधलं की आधी कायद्याचं कलम ६३ समोर येतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. मुख्याध्यापक ते वाचतात आणि थांबतात. कलम ५२ पर्यंत कोणी पोहोचतच नाही.

ते कलम तुम्हाला ठाऊक असणारच, पण शिक्षकांनीही हे पत्र वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये कोणकोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही याची यादी आहे. त्यातल्या (आय) या खंडाप्रमाणे शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात केलेली कोणत्याही साहित्यकृतीची प्रत हा हक्कभंग नाही. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत उतारा छापणं हाही नाही, आणि उत्तरात विद्यार्थ्याने तो उतरवणं हाही नाही. परवानगी मागण्याची अट त्यात नाही. शाळा मान्यताप्राप्त असावी असंही तिथे म्हटलेलं नाही. पानांची संख्याही दिलेली नाही. याला लागूनच पुढचा खंड आहे, शाळेच्या कार्यक्रमांचा. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी नाटक बसवलं, प्रेक्षक म्हणून शाळेतलेच लोक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असली, तर तो प्रयोगही कायद्याला मान्य आहे. स्नेहसंमेलनात एकांकिका करू की नको या विवंचनेत असलेल्या शाळांनी हे वाचून निर्धास्त व्हावं. तिकीट लावून गावाला बोलवायचं असेल तर नाटककाराची परवानगी आणि मानधन आलंच, आणि ते आनंदाने द्यावं. अपंग विद्यार्थ्यांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करून देण्याची मुभा तर २०१२ च्या दुरुस्तीने स्वतंत्रपणे दिली आहे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी कविता मोठ्या टाइपात काढून देणाऱ्या बाईंनी कुणाची परवानगी शोधत बसू नये.

या कलमाची कसोटी दिल्ली उच्च न्यायालयात लागून झालेली आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून त्यांचे संच विकले जात होते. त्या वेळी अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना फेरविचाराची विनंती केली होती. ज्यांच्या पुस्तकांवरून दावा होता त्यांतल्याच काही लेखकांनी दावा मागे घ्या अशा खुल्या पत्रावर सह्या केल्या. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठाने निकालाचा गाभा कायम ठेवला. शिकवण्याचा ओघ म्हणजे तासाची घंटा वाजल्यापासून पुढची घंटा होईपर्यंतचा वेळ नव्हे. तासाच्या आधीची तयारी आणि नंतरचं वाचन त्यात येतं, हा त्या निकालांचा अर्थ. किती पानं घेतली हे मोजायचं नसून शिकवण्याच्या उद्देशाला तेवढ्याची गरज होती का, हे पाहायचं. अख्ख्या पुस्तकांच्या प्रतींचा प्रश्न मात्र खंडपीठाने पुराव्यानिशी तपासण्यासाठी त्याच न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांकडे परत पाठवला. २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी आपणहून दावा सोडला.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा, कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणांतही तो मी ऐकते. दहा टक्के चालतं, किंवा अडीचशे शब्दांपर्यंतची कविता चालते, असे आकडे लोक सांगतात. हे आकडे अमेरिकेतले आहेत. तिथे १९७६ साली प्रकाशक, लेखक आणि शिक्षणसंस्था यांच्या प्रतिनिधींनी मिळून वर्गात वापरण्यासाठी मार्गदर्शक मर्यादा ठरवल्या, त्यांतून ते आले. तिथेही त्या मर्यादा म्हणजे कायदा नव्हे. आपल्याकडे तर असा आकडा कायद्यात कुठेच नाही. उद्देशाला पुरेल तेवढं घ्यावं, हा नियम आहे, आणि विवेकाने वागणाऱ्या शिक्षकाला तो पाळणं अवघड नाही.

आता तुमची बाजू. ती मला अंतःकरणापासून मान्य आहे, केवळ सभ्यतेखातर लिहीत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती छोटी निघते, ती खपायला वर्षं लागतात, लेखकाच्या हाती येणारं मानधन सांगण्याजोगं नसतं. अशात कोणीतरी सबंध पुस्तक स्कॅन करून त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर सोडतो आणि ती हजारो लोकांच्या फोनवर फिरते. पाठवणारे चांगले शिकलेले लोक असतात. त्यात शिक्षकही असतात आणि मला त्याची फार चीड येते. त्या पीडीएफला कलम ५२ चा आधार नाही. क्लासवाले पूर्ण कथा छापून पुस्तिका विकतात, तिलाही नाही. छापून प्रकाशित करायच्या शैक्षणिक संकलनासाठी कायद्यात निराळा खंड आहे आणि तो कडक आहे: संकलनातला बहुतेक मजकूर हक्कमुक्त असावा, उतारे लहान असावेत, आणि एका लेखकाचे दोनांहून जास्त उतारे एका प्रकाशकाला पाच वर्षांत घेता येत नाहीत. हा भेद आम्ही शिक्षकांनी नीट समजून घेतला पाहिजे. वर्गातल्या प्रत्येक कागदावर कवीचं नाव, पुस्तकाचं नाव आणि प्रकाशकाचं नाव असलंच पाहिजे. माझ्या वर्गात ते असतं. त्या कागदावरून पुस्तकापर्यंत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. वाढदिवसाला आजीकडे पुस्तक मागणारं मूल हाच तुमचा उद्याचा ग्राहक, आणि बडोद्यात तो झेरॉक्सच्या कागदावरूनच येतो. दुसरा रस्ता त्याच्या वाट्याला आलेला नाही.

हक्क कधी संपतात याबद्दलही शाळांमध्ये इतका गोंधळ आहे की जे मुक्त आहे तेही कोणी वापरत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं, हा आपला नियम. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता, तेव्हा सरकारने २८ डिसेंबर १९९१ रोजी वटहुकूम काढून मुदत दहा वर्षांनी वाढवली. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबेही १९४१ मध्येच गेले, त्यामुळे त्यांच्या कविताही आणखी दहा वर्षं राखीव राहिल्या. माधव जूलियन आमच्या बडोद्यात जन्मले, १९३९ मध्ये गेले. त्यांच्या कविता वटहुकुमाच्या आधीच मुक्त झाल्या होत्या. साने गुरुजी २०११ पासून सर्वांचे आहेत, मर्ढेकर २०१७ पासून. बहिणाबाईंचा हिशोब थोडा वेगळा. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं प्रसिद्धीच्या वर्षानंतर मोजतात, म्हणून ती २०१३ पासून मुक्त. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ च्या अखेरपर्यंत हक्क शाबूत. विंदा करंदीकर २०१० मध्ये गेले, म्हणजे २०७० च्या अखेरपर्यंत. आज आठवीत बसलेली मुलं तोवर निवृत्तीला आलेली असतील. शिक्षकाने फक्त मुक्त साहित्य शिकवावं असं ठरवलं तर आजच्या मुलांना आजच्या काळाजवळची मराठी कविता पाठ्यपुस्तकाबाहेर भेटणारच नाही, आणि जिवंत कवी तर मुळीच नाहीत. म्हणून कलम ५२ आम्हाला प्राणासारखं जपावंसं वाटतं.

यापेक्षा अवघड दुखणं वेगळंच आहे: विकत घ्यायची तयारी असूनही पुस्तक न मिळणं. तुमच्या यादीत नाव असतं, फोन केला की उत्तर येतं, आवृत्ती संपली. पुढची कधी? सांगता येत नाही. पत्र पाठवलं तर कधी उत्तर येतं, कधी येत नाही. लेखक हयात नसले तर हक्क कुणाकडे, हे प्रकाशकालाही माहीत नसतं. अशी पुस्तकं विक्रीतही नाहीत आणि वाचनातही नाहीत. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करून घेता येतात, हे कायद्यात आहे. पण त्यासाठी ग्रंथपालाला खात्री हवी की पुस्तक खरोखरच संपलं आहे. ही खात्री तुम्हीच देऊ शकता. आपापल्या संकेतस्थळावर संपलेल्या पुस्तकांची यादी आणि त्यांचे हक्क कुणाकडे आहेत एवढी नोंद ठेवा. मागणीनुसार एकेक प्रत छापून देण्याचं तंत्र आता सहज मिळतं. पन्नास प्रतींची हमी देणाऱ्या शाळा आणि मंडळं महाराष्ट्राबाहेर नक्कीच सापडतील. विचारून तरी बघा.

मी बडोद्याची आहे, म्हणून सयाजीराव महाराजांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यांनी आधी अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम ॲलनसन बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत पाठवली. आणि त्याच महाराजांनी मराठी-गुजराती लेखकांना, अनुवादकांना आश्रय देऊन श्री सयाजी साहित्यमाला काढली. लिहिणाऱ्याला मोबदला आणि वाचणाऱ्याला पुस्तक, या दोन्ही गोष्टी एकाच राज्यकर्त्याने एकाच वेळी केल्या. त्यात त्यांना कधी विसंगती दिसली नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही मराठीचा मोठा विभाग आहे. लेखक आणि शिक्षक यांना समोरासमोर उभं करणारी भाषा मला परकी वाटते ती याच शहरात वाढल्यामुळे.

ऑनलाइन वर्गांबद्दल थोडक्यात. कोरोनाच्या काळात आम्ही कवितेचं पान फोनवर फोटो काढून वर्गाच्या गटात टाकत होतो, आजही आजारी मुलाला तसंच पाठवतो. गट त्या वर्गाचाच असेल, पान तासाच्या विषयाचं असेल, तर हा झेरॉक्सचाच आजचा अवतार आहे असं मी मानते. कलम ५२ च्या त्या खंडातही कागद असा शब्द नाही. यूट्यूबवर सगळ्या जगासाठी सबंध कथा वाचून दाखवणं याच्यात मी बसवत नाही, त्यासाठी तुम्हाला विचारायला हवं. पण विचारायचं कुठे? परवानगीसाठी एक ईमेल पत्ता पुस्तकात छापा, आणि आलेल्या पत्राला पंधरा दिवसांत हो किंवा नाही कळवा. नाही म्हणालात तरी चालेल. उत्तराविना ताटकळणं शिक्षकाला परवडत नाही, सत्र पुढे निघून जातं.

आणखी एक मागणं आहे, आणि ते कळकळीचं आहे. २०२१ मध्ये वाणिज्य विभागाशी संबंधित संसदीय स्थायी समितीने बौद्धिक संपदेवरच्या आपल्या अहवालात कलम ५२ ची ही सवलत सरकारी शिक्षणसंस्थांपुरती ठेवावी आणि प्रतींवर मर्यादा घालावी अशा अर्थाची शिफारस केली. तसं झालं तर अनुदानित आणि खासगी संस्थांच्या शाळा, मराठी मंडळांचे रविवारचे वर्ग, हे सगळे बाहेर फेकले जातील. महाराष्ट्राबाहेर मराठी जी काही तगून आहे ती बरीचशी अशाच ठिकाणी. मोठ्या इंग्रजी प्रकाशकांना या शिफारशीचं काय वाटायचं ते वाटो. मराठी प्रकाशकांनी मात्र हा विषय पुन्हा निघेल तेव्हा शिक्षकांच्या बाजूने लेखी निवेदन द्यावं. तुमच्या शब्दाला तिथे आमच्यापेक्षा जास्त वजन आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तेव्हा तुमच्यापैकी अनेक जण पुस्तकं घेऊन इथे आला होता. बृहन्महाराष्ट्रातली मराठी टिकली पाहिजे असं व्यासपीठावरून पुष्कळ बोललं गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही. त्या बोलण्याला जोडून करता येईल असं, एक पैसाही खर्च न होणारं काम मी तुमच्यापुढे ठेवते आहे. पुढच्या प्रत्येक नव्या पुस्तकात आणि पुनर्मुद्रणात, हक्क राखीव असल्याच्या मजकुराखाली, हे छापा:

"शिक्षक आणि विद्यार्थी यांना वर्गातल्या अध्ययन-अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या मजकुराच्या प्रती, लेखक व पुस्तकाच्या नावासह, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येतील. त्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज नाही."

शब्द तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या, हवे तसे बदला. यात तुम्ही आम्हाला नवं काहीच देत नाही, कायद्यात आहे तेवढंच सांगता. पण ते तुमच्या पुस्तकात, तुमच्या नावाखाली छापलेलं असेल, तर शाळेच्या कार्यालयात शिक्षकाला बोट ठेवून दाखवता येईल. लेखकांना आणि वारसांना विनंती अशी की प्रकाशकाशी पुढचा करार करताना ही ओळ आपण स्वतः मागावी. पहिलं पुस्तक या ओळीसह निघेल तेव्हा कळवा. आम्ही बडोद्यातले मराठीचे शिक्षक त्याच्या प्रती आमच्या शाळांच्या ग्रंथालयांसाठी विकत घेऊ.

आपली नम्र,
बडोद्यातील एक मराठी शिक्षिका